डावा हेडलाइट

"तिन्ही डाव्या बाजूचेच," म्हणत इलेक्ट्रिशियनने जळालेले तीन बल्ब पांढऱ्या फडक्यावर मांडले.

गाडी अकरा महिन्यांची होती. चार महिन्यांत डावा हेडलाइट तिसऱ्यांदा गेला होता.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "वायरिंगमध्ये काही राहून गेलंय का? बाबा तुझ्या पत्रावर सही करणार नाही म्हणतात."

पत्र तंत्रशाळेसाठी होतं. तिथे गाड्यांचं वायरिंग शिकवायला माणूस हवा होता, आणि तिच्या वडिलांच्या शिफारशीशिवाय त्या जागेवर कुणाला घेत नसत. गावातले निम्मे गॅरेजवाले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. हा इलेक्ट्रिशियन त्यांतला सर्वांत हुशार. अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस होता. काल जेवताना बाबा म्हणाले होते, "एका दिव्यातला दोष ज्याला तीनदा बघून सापडत नाही, तो पोरांना काय कप्पाळ शिकवणार?"

इलेक्ट्रिशियनने मीटर लावून दाखवला. व्होल्टेज ठीक. अर्थिंग ठीक. दिव्यात पाणी शिरलेलं नाही. उजव्या बाजूलाही तेच आकडे. ती प्रयोगशाळेत काम करायची. आकड्यांशी तिने कधी हुज्जत घातली नव्हती.

"मग?"

त्याने तिच्या हातात भिंग दिलं. पहिल्या बल्बची काच एका जागी फुगून दुधाळ झाली होती. दुसऱ्याचीही. तिसऱ्यावर तर बारीक गोल रेषा अजून दिसत होत्या.

"हा बोटाचा ठसा आहे," ती म्हणाली.

"अंगठ्याचा. कातडीचं तेल काचेला लागलं की तेवढीच जागा जास्त तापते. मग थोड्याच दिवसांत बल्ब जातो."

तिने भिंग खाली ठेवलं. दगड लागून कंपनीचा डावा बल्ब फुटला, तेव्हापासूनचे तिन्ही बल्ब बाबांनीच बसवले होते. वायरिंग ते याच्याकडून तपासून घेत, पण बल्बला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या बल्बला."

"आणि गप्प बसलास? इतकं ऐकून घेतलंस?"

"त्यांची बोलणी खाऊनच मोठा झालोय, ताई." तो हसला. मग फडकं गोळा करू लागला. "सहीचं राहू द्या. आहे तिथे बरा आहे मी. त्यांना मात्र यातलं काही सांगू नका."

ती गाडी आणि नवा बल्ब घेऊन घरी आली. बाबा वाटच बघत उभे होते; त्यांनी लगेच बॉनेट उघडलं.

"सापडला का दोष तुझ्या हुशार माणसाला?"

"नाही."

"नाहीच सापडायचा. त्याला डोळे लागतात."

सही मागायची तर दोष कुणाचा ते सांगावं लागणार होतं. वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कदाचित घाईत झालं असेल. कदाचित तीनदाही होत असेल घाईत.

"बाबा, या वेळी मी बसवू? तुम्ही सांगा, मी करते."

ते खूश झाले. खोका फोडून त्यांनी बल्ब बाहेर काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"आधी मागची पिन सोडवायची. मग स्प्रिंग. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काचेला बोट लावायचं नाही. खालची धातूची कड धरायची. या एका चुकीसाठी मी भल्याभल्यांना गॅरेजातून घालवलंय."

त्यांचा अंगठा काचेवर पूर्ण टेकलेला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचा अंगठा."

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. चष्मा सारखा करून पुन्हा नीट पाहिलं.

"काय झालंय त्याला?" त्यांनी विचारलं. "कडेवरच तर आहे."