ठोकाठोक

घटस्फोटानंतर घेतलेलं ते जुनाट घर राहण्याजोगं करायला तिला सुट्टीचाच काय तो दिवस मिळायचा. सकाळपासून ती छिन्नी-हातोडा घेऊन बाथरूमच्या फुटक्या फरशा उखडत होती आणि दुसरीतली लेक तुकडे घमेल्यात भरत होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका तणतणत वर आले.

"अहो, काय चालवलंय हे? इथे सभ्य माणसं राहतात. तुमच्याकडे खुट्ट झालं तरी आम्हाला खाली ऐकू येतं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज येतो, उद्या येतो म्हणत गवंडी फिरकला नव्हता, तिच्या हाताला फोड आले होते आणि हे सभ्यता शिकवायला आले होते!

"दिवसाउजेडी काम करतेय, काका. चोरी नाही करत," ती कडाडली. "जा, कुठे करायची ती तक्रार करा!"

काका आणखी काही बोलणार, तोच लेक घमेलं सोडून पुढे आली. तिचा चेहरा उजळला होता.

"काका, खरंच सगळं ऐकू येतं तुम्हाला? जुन्या घरी बाबा आईला मारायचे ना, तेव्हा मी केवढ्यांदा ओरडायचे. पण तिथल्या शेजाऱ्यांना कुणालाच ऐकू यायचं नाही."