नाव विचारायचं नाही

समोरच्या पक्षाच्या जोडीदाराने झगा काढून कुंपणावर टाकला, तोंड इकडे वळवलं, आणि बालताझारचं हसू तिथेच विरलं. तो एतियेन होता.

"गुडघा कसा आहे, काका?" एतियेनने हळूच विचारलं.

"गुडघा गेला खड्ड्यात! तू इथे काय करतोयस, गाढवा?"

"तुम्ही करताय तेच."

भांडण या दोघांचं नव्हतंच. बालताझारचा दोस्त रेमों आणि एक सरदारपुत्र मेजवानीत एकमेकांना भिडले होते. कोण कोणाच्या टोपीवर बसलं, एवढंच कारण. पण पॅरिसमध्ये द्वंद्वाला कुणी एकटा जात नाही. सोबत जोडीदार नेतो. आणि जोडीदारांनी नुसतं बघत उभं राहायचं नसतं, त्यांनीही आपसात तलवार चालवायची असते. समोर कोण आणि कशासाठी, याची चौकशी करणारा भित्रा समजला जातो.

बालताझारने तर या रिवाजाची मिजासच करून ठेवली होती. अख्ख्या पलटणीत त्याच्याएवढा आडदांड, खादाड आणि मोठ्या आवाजाचा माणूस दुसरा नव्हता. आदल्या दुपारी रेमों त्याला खानावळीत शोधत आला, तेव्हा रेमोंचं तोंड उतरलेलं होतं. त्या सरदारपुत्राचा नेहमीचा जोडीदार व्होद्रे, आणि व्होद्रेसमोर उभा राहिलेला माणूस आपल्या पायांनी घरी परतत नसे.

"उद्या सकाळी येशील? पण आधी ऐक, समोर कोण आहे ते—"

"नाव सांगू नकोस!" बालताझार टेबलावर मूठ आपटत ओरडला. "नाव ऐकलं की माझी भूक मरते. जागा सांग, वेळ सांग, आणि ते बदक इकडे सरकव."

सगळी खानावळ हसली. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

आणि आता मठामागच्या ओल्या कुरणात, कुंपणाशी जमलेल्या पलटणीतल्या बघ्यांदेखत, समोर एतियेन.

एतियेनचा बाप बालताझारच्या शेजारी लढताना पडला होता. त्या पोरक्या पोराला बालताझारने आपल्या खोगिरावर पुढे बसवून गास्कोनीहून पॅरिसला आणलं, वाटेत त्याच्यासाठी भांडून दूध मिळवलं, आणि तो काठी धरण्याजोगा झाला तसं तलवार शिकवली. दोघांचा एक लाडका खेळ होता. बालताझार डरकाळी फोडून डाव्या खांद्यावर वार करायचा. डरकाळी ऐकली की एतियेनने उजवीकडे सरकायचं आणि काकाच्या खांद्याला टोक लावायचं. मग एवढा थोरला बालताझार "मेलो रे, मेलो!" म्हणत गवतात लोळायचा आणि पोर हसून हसून बेजार व्हायचं.

तिकडे रेमोंच्या तलवारीचा खणखणाट सुरू झाला. बालताझारने तलवार म्यान केली असती, तरी त्याच्या दबदब्यामुळे त्याला कुणी काही म्हटलं नसतं. पण एतियेन पलटणीत नवा होता. काकाने सोडलं म्हणून वाचला, असं एकदा लोक म्हणाले असते की त्याच्यासोबत कुणी जेवायलाही बसलं नसतं. बालताझारने मनाशी ठरवलं. डरकाळी फोडायची, पोराच्या तलवारीपुढे आपला खांदा करायचा. रक्त निघालं की विषय संपला, आणि पोराचं नावही होईल. अंगावर एक जखम जास्त, त्यात काय!

तलवारी भिडल्या.

"हात राखून लढताय, काका. लोक बघतायत."

"बघू देत!" बालताझार म्हणाला, आणि त्याने डरकाळी फोडली. मठाच्या छपरावरची कबुतरं उडाली. लोकांना शंका यायला नको, म्हणून त्याने सगळं वजन त्या वारात घातलं. पोर सरकणार, याची त्याला खात्री होती.

एतियेनने डरकाळी ऐकली. तो हसलासुद्धा. पण तो सरकला नाही. त्याने आपली तलवार खाली घेतली.

बालताझारने स्वतःला आवरायला पाय रोवला. त्या दुखऱ्या गुडघ्याने दगा दिला.

मग तो गवतात बसला होता आणि एतियेनचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. रेमों आणि तो सरदारपुत्र तलवारी टाकून धावत आले. बालताझार रडत होता.

"सरकायचं होतंस रे... डरकाळी ऐकू नाही आली?"

"आली. पण सरकलो असतो तर... तुमचा खांदा. मला वाटलं, तुम्ही थांबाल."

"आलासच कशाला तू? दुसरं कुणीही आलं असतं, मेल्या! कुणीही!"

"व्होद्रे येणार होता," एतियेन म्हणाला. श्वास पुरेना म्हणून थांबला. त्याने काकाची बाही मुठीत धरली, लहानपणी खोगिरावर धरायचा तशी. "त्याच्याकडून मी ही जागा मागून घेतली. समोर कोण आहे... ते मी विचारलं होतं, काका."