पेशींची दारं

वडिलांचा दहावा उरकून विजया त्यांच्या बोरीच्या मळ्यात आली. बांधापलीकडे चुलता दारं धरत होता; कांद्याच्या भरल्या वाफ्याचं दार फावड्याने बुजवून पाणी पुढच्यात सोडत होता. जुन्या भांडणापायी सख्ख्या भावाच्या, तिच्या वडिलांच्या, आजारपणातही त्याने बांध ओलांडला नव्हता. “विजे, तीस वर्षं प्रयोगशाळेत काय करती गं?” त्याने विचारलं. ती थकली होती, त्याच्याच शब्दांत म्हणाली, “दारंच धरते, नाना. शरीरातल्या पेशींमध्येही अशी दारं असतात. एक पेशी मरायला लागली की शेजारणी दारं बुजवतात, मरण पसरू नये म्हणून.” चुलत्याला हायसं वाटलं. “मंग आमी काय येगळं केलं?” विजयात भांडायचं त्राण नव्हतं. तिने उरलेला शोध सांगितला. “कधीकधी ती लवकर बुजतात. उघडी राहिली असती, तर मरणारी जगलीही असती.” पुढ्यातला वाफा फुटून पाणी बांध ओलांडून तिच्या वडिलांच्या वावरात शिरलं, तरी चुलत्याने फावडं उचललं नाही.