खिडकीजवळची खुर्ची

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात साहेब ताईंच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "मॉनिटर कुठंय?"

"काढून ठेवला, साहेब. टेबलावर उगाच जागा अडवत होता."

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या हेडक्लार्कना ठसका लागला. ऑफिसात सगळे त्यांना नियमबुवा म्हणत, अर्थात पाठीमागे. "परवानगी न घेता?" ते म्हणाले.

ताई नुसत्या हसल्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं याच टेबलावरून त्यांनी फोन जोडून दिले होते. आता तक्रारी कॉम्प्युटरवर नोंदवायच्या असं ठरलं, आणि साहेबांनी त्यांच्यासाठी पॅसेजच्या टोकाला, खिडकीजवळ एक गादीची खुर्ची टाकून दिली. "तिथे निवांत बसा, ताई. पगार काही थांबणार नाही," असं ते अगदी मनापासून म्हणाले होते. मनापासून म्हणाले म्हणूनच ते ताईंना जास्त लागलं. मला काम करायचंय, एवढंच सांगून त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. ती आज संपत होती.

"तुमचा कॉम्प्युटर बोलतो म्हणे," साहेब म्हणाले. "पण असलं सॉफ्टवेअर घ्यायला वरून मंजुरी मिळणार नाही, आधीच सांगतो."

"मंजुरी कशाला? फुकट आहे."

"फुकटचं म्हणजे चोरीचं असणार," नियमबुवांनी निकाल दिला.

"चोरीचं नाही हो, दिलेलं आहे. माझ्यासारख्याच न दिसणाऱ्या माणसांनी बनवलं आणि ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून मोकळं ठेवलं. वहिनीने एकदा उतरवून दिलं. त्यानंतर मला कुणाला काही विचारावं लागलं नाही."

कॉम्प्युटरसुद्धा गोदामातला होता. गोगलगाय म्हणून सगळ्यांनी नाक मुरडलेला. ताईंनी त्यातलं जुनं सॉफ्टवेअर पुसून एक हलकी, तीही फुकटचीच प्रणाली घातली होती, आणि आता तो कुरकुर न करता चालत होता. हेही त्या सांगणार होत्या, पण तेवढ्यात फोन वाजला.

ताईंच्या उजव्या कानाला फोन, डाव्या कानात इअरफोन. पलीकडची बाई घाबरून भराभर बोलत होती. ताईंची बोटं तिच्या बरोबरीने चालू लागली. "पाणी पायऱ्यांपर्यंत आलंय का दवाखान्यात? मग खालच्या कप्प्यातली औषधं आधी वर उचलून ठेवा. माणूस पाठवते." त्यांनी फोन ठेवला तेव्हा नियमबुवांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर नोंद येऊन बसलीसुद्धा होती.

नियमबुवांनी चष्मा लावला. पत्ता, वेळ, नंबर. वरून खाली दोनदा वाचून झालं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. दाढ काढून घ्यावी तसा तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला.

"या दवाखान्याची तक्रार सकाळीही आली होती," ताई म्हणाल्या. "तुम्हीच घेतलीत. घर नंबर उलटा पडलाय तिथे. फिटर भलत्याच दारात गेला असेल. मी दुरुस्त केलाय."

नियमबुवांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

साहेबांना राहवलं नाही. त्यांनी इअरफोन मागून घेतला आणि कानात घातला. आत नुसती टरटर चालली होती. "ताई, हे बिघडलंय."

"बिघडलं नाही. मी एवढ्या वेगाने ऐकते."

साहेबांना ते खरं वाटेना. ताईंनी एक बटण दाबायला घेतलं. एकदा, दोनदा, पाचदा, दहादा. टरटरीचे हळूहळू शब्द झाले.

"आता येतंय लक्षात?"

"अजून थोडं हळू करा."

ताईंनी आणखी तीनदा दाबलं. "तक्रार नोंदवली," साहेब ऐकलेलं मोठ्याने म्हणू लागले. "रिकामी ओळ."

"रिकामी ओळ हे माझं आहे," ताई म्हणाल्या. "हे बनवणाऱ्यांकडे मराठी कच्चं होतं. मी बरेच शब्द लिहून पाठवले, त्यांनी ते घेतले. आता कुणाच्याही घरी ते मराठीत बोलायला लागलं की माझे शब्द बोलतं." सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. ती त्यांनी ताठच ठेवली.

साहेब इअरफोन कानात तसाच ठेवून उभे राहिले. परत फोन वाजला, तसा ताईंनी हात पुढे केला. "द्या तो इकडे. काम आलंय."

साहेबांनी मुकाट्याने इअरफोन त्यांच्या तळहातावर ठेवला. बटणाचे टकटक आवाज आले आणि वेग पुन्हा जागेवर गेला.

"ताईंना या टेबलावरून हलवायचा कागद तयार केलाय ना, तो माझ्याकडे आणून द्या," साहेब नियमबुवांना म्हणाले. "त्यावर सही होणार नाही."

"देतो. पण साहेब, तो मॉनिटर," नियमबुवांचा जीव अजून तिथेच अडकला होता. "ऑफिसची वस्तू आहे. कुठे ठेवलीय ते तरी कळायला हवं."

ताईंनी फोनवर हात धरला.

"पॅसेजच्या टोकाला, खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलाय. गादी आहे, ऊनही येतं. बसलाय निवांत."