नाव दाखव आणि घेऊन जा

पंगतीत वरणभातावर लिंबू पिळलं आणि विहीणबाईंच्या ताटात काळसर अक्षरं उमटली: हेमांगी. शेजारच्या ताटातही तेच नाव आलं. मग ते सगळ्या पंगतभर दिसू लागलं.

"ही हेमांगी कोण?" विहीणबाईंनी विचारलं. मुलाचं हे पहिलंच लग्न, असं त्यांना सांगितलेलं होतं.

"कारखान्याचं नाव असेल," वरमाय कुसुमताई म्हणाल्या. त्यांच्या हातातलं तूप मात्र भाताऐवजी सतरंजीवर पडलं.

पहिल्या सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा तिनं माहेरची भांडी मागितली होती. कुसुमताईंनी त्यांवरची नावं आधीच घासून टाकली होती. "तुझं नाव दाखव आणि घेऊन जा," त्या म्हणाल्या होत्या. पुढे घरच्या ओतयंत्रात ती भांडी वितळवून त्यांनी ही नवी ताटं पाडली. विकत कशाला आणायची?

हेमांगी कारखान्यात धातूवर खुणा उमटवायची. मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोळा, वर बेताची वीज. नव्या रीतीनं घातलेली खूण धातूच्या कणाकणात मुरायची. घासली, वितळवली तरी जात नसे, आणि आंबट लागलं की वर यायची. माहेरच्या भांड्यांवर तिनं नाव घातलं होतं ते असंच.

मांडवाशी टेम्पो थांबला. हेमांगी रिकामी पोती घेऊन दोन पंगतींच्या मधून सरळ कुसुमताईंपर्यंत आली.

"नाव दाखवलं, सासूबाई," ती म्हणाली. "आता मंडळींची जेवणं सावकाश होऊ द्या. मी थांबते."