आठवड्याची गोळी

आशाची मूठ आज पूर्ण मिटत नव्हती. करंगळी आणि तळवा यांच्यात एखादा द्राक्षमणी मावेल एवढी फट राहत होती, आणि कात्री दाबताना अंगठा थरथरत होता. शेजारच्या वेलीखालून मालनने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

दोघी जावांना एकच संधिवात, नाशिकचे डॉक्टरही एकच. धाकट्या आशाला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मिळाली आणि दिवाळीपर्यंत तिची बोटं मोकळी झाली. मालनच्या रक्तात मात्र जुन्या काविळीचा विषाणू निघाला. "ती गोळी तुमच्या यकृताला झेपणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "आधी काविळीचं औषध रोज घ्या. आणि ही कावीळ एकाची दुसऱ्याला लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या."

मालनने घरी यातलं काहीच सांगितलं नाही. औषधही सुरू केलं नाही. रोजची गोळी कुणाच्या तरी नजरेला पडली असती, आणि ही कावीळ हिनेच घरात आणली, असं झालं असतं.

"दोघींचं दुखणं सारखंच," सासू पुतळाबाई बांधावर बसून ऐकवायच्या. "एकीला गुण आला, दुसरीला कामाचा कंटाळा." आज मात्र त्यांनी आशाला हटकलं. "तुझं बी परत सुरू झालं का गं?"

होऊ दे, मालनच्या मनात आलं. ती खाली मान घालून घडातले बारीक मणी कातरत राहिली.

दुपारी भाकरीला बसल्यावर आशा तिच्याजवळ सरकली. कनवटीची पुडी तिच्या हातात ठेवत म्हणाली, "ताई, घे. माझ्यातल्याच हायेत. दर आठवड्याची ठेवत गेले."

"म्हणजे तू घेतल्याच नाय?"

"मला लय गुण आला होता ना. म्हटलं, थोडा तुलाबी येऊ दे." आशा हसली. "डॉक्टरला नको सांगू, वरडंल."

बारीक पिवळ्या गोळ्या. याच गोळ्यांसाठी मालनने महिनोन्‌महिने आशाचा राग राग केला होता. एक जिभेवर ठेवायची, वर पाण्याचा घोट. कोण बघणार होतं?

तिने पुडी आशाच्या ओटीत ठेवली.

"मला नाय चालत. माझ्या रक्तात कावीळ हाय, आशा. जुनी. तुझं रक्त साफ निघालं, म्हणून तुला मिळाली."

आशाचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाय?"

"तुमची सगळ्यांची भीती वाटायची."

"काय खलबतं चाललीत?" बांधावरून पुतळाबाई ओरडल्या. "उद्या हा तुकडा उरकायचाय!"

मालन उठून उभी राहिली. पलीकडच्या ओळीत फवारणीचा पाइप ओढणाऱ्या नवऱ्यालाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने तिने सांगितलं, "उद्या बागेत कुणी नाय यायचं, आत्याबाई. घरातले सगळे रक्त तपासायला नाशिकला चाललोय. तुम्ही बी."