कोंबडेवाली

"शेवंती, हॉटेलवाल्याला आणखी एक कोंबडा हवाय गो," कलामंडळाचे गवाणकर सर दारातूनच म्हणाले, आणि शेवंतीनं ब्रश खाली ठेवला.

काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या शेवंतीला मंडळानंच चित्रकार केलं होतं. रंग दिले, वाचनालयावरची खोली दिली. तिनं रंगवलेला पहिला कोंबडा सगळ्यांना इतका आवडला, की पुढं जो तो कोंबडाच मागू लागला. कारखान्यातून सुटलेली शेवंती कोंबड्यांत अडकली. उपकारांपुढं तिच्या तोंडून कधी 'नाही' निघालं नाही.

आज मात्र तिला रडू फुटलं. "सर, मला कारखान्यातल्या बायका काढायच्यात. काजूच्या चिकानं काळी पडलेली त्यांची बोटं काढायचीत. पण मंडळाला नाही कसं म्हणू?"

सर भिंतीला टेकवलेल्या कोंबड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगो, खोली आम्ही तुला दिली. कोंबड्यांना नव्हे."

ते गेल्यावर शेवंतीनं कोरा कॅनव्हास लावला, डोळे मिटून त्या बायका आठवल्या आणि ब्रश टेकवला. डोळे उघडून बघते तर हातानं सवयीनं लालभडक तुरा काढला होता.

तिनं तो फडक्यानं पुसला आणि पुन्हा ब्रश उचलला.